संगणक ‘इजाजत आहे’ म्हणतो तेव्हा

बिले, उधारी, मालाचा साठा हे सारे आता खातेवहीऐवजी संगणकाच्या फाइलींत असते. म्हणून फाइलीत लिहिण्याची परवानगी आहे की नाही, हा प्रश्न आम्हा व्यापाऱ्यांचाही आहे.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९९१ साली लोकांपुढे आली. तिच्यात ‘ओएस.ॲक्सेस’ नावाची सोय आहे. या फाइलीत लिहिता येईल काय, असे विचारले की ती ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. परंतु हे उत्तर तीन ठिकाणी दगा देते.

पहिले, विंडोज. तेथे कोणाला काय करता येईल याची यादी प्रत्येक फाइल-फोल्डरला जोडलेली असते. ही सोय ती यादी पाहतच नाही. फाइलीवर ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी खूण आहे काय एवढेच पाहते, आणि फोल्डर असेल तर सरळ ‘हो’ म्हणते. त्यामुळे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात साध्या वापरकर्त्याला लिहिण्यास मनाई असूनही उत्तर ‘हो’ येते.

दुसरे, युनिक्स व लिनक्स. तेथे प्रोग्रॅम कधी कधी दुसऱ्याच्या अधिकाराने चालतो; तपासणी मात्र चालवणाऱ्याच्या मूळ अधिकाराची होते. मालकाचे मुखत्यारपत्र घेऊन आलेल्या मुनिमाला त्याच्याच नावावर अडवावे, तसा हा प्रकार.

तिसरे, वेळ. विचारणे आणि लिहिणे यांत क्षण जातो; तेवढ्यात फाइल बदलली जाऊ शकते. पायथॉनच्या अधिकृत माहितीतच हा सुरक्षेचा धोका असल्याचे नमूद आहे.

प्रोग्रॅम या ‘हो’वर विसंबला आणि पुढे लक्ष ठेवले नाही, तर दिवसभराची बिले पडद्यावर दिसतात, फाइलीत उतरत नाहीत. उधारीची नोंद गेली तर वसुली कोणत्या तोंडाने करावी?

थानाची लांबी चिठ्ठीवर वाचून आम्ही पैसे मोजत नाही, मीटरपट्टी लावतो. येथेही तेच. विचारत बसू नये, फाइल सरळ उघडून लिहावे. मनाई असेल तर पायथॉन ‘परमिशनएरर’ ही सूचना देते. या नावाने ती २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून मिळते. प्रोग्रॅमने ती पकडून साध्या शब्दांत दाखवावी.

हिशेबाचा प्रोग्रॅम घेताना व्यापारी बंधूंनी एक करावे. बनवणाऱ्यासमोरच फाइलीवर लिहिण्याची बंदी घालून नमुन्याचे एक बिल टाकावे. ‘नोंद झाली नाही’ असे पडद्यावर आले, तरच सौदा करावा.