मुळी खरी कशावरून?

देवळाली प्रवराची शेती म्हटली की प्रवरेचा कालवा, ऊस आणि शेजारचा राहुरी कारखाना एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथून फार लांब नाही आणि तिथे औषधी वनस्पतींवरही संशोधन चालतं. त्यामुळे अश्वगंधा, शतावरी ही नावं इथल्या शेतकऱ्याला नवी नाहीत. चर्चा होते ती बियाण्याची आणि भावाची. पोत्यात भरलेली मुळी खरी कशावरून, हा प्रश्न मागे राहतो. पान, फूल, फळ शेतातच राहिलेलं असतं. ओळख पटवायची ती मुळीच्या आतूनच.

त्याची रीत जुनी आहे. इंग्लंडच्या नेहेमाया ग्रू यांनी १६८२ च्या ग्रंथात मुळांचे छेद रेखाटले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या श्लायडेन यांनी सार्सापरिला या औषधी वनस्पतीच्या बाजारी मुळ्या अंतस्त्वचेच्या, म्हणजे सालीच्या सर्वांत आतल्या थराच्या, पेशींवरून वेगळ्या करून दाखवल्या. साहित्यही साधं लागतं. वाळकी मुळी पाण्यात भिजवून मऊ करायची, धारदार ब्लेडने पातळ आडवे काप घ्यायचे आणि त्यांतला सर्वांत पातळ निवडून स्लाईडवर, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आयोडीन टाकलं की स्टार्चचे कण निळे होतात. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने काष्ठमय भाग लाल होतो.

अश्वगंधा, म्हणजे आपली आस्कंद, घ्या. बाहेर बुचाचा पातळ थर, बऱ्याचदा सोललेला. त्याच्या आत मऊ पेशींची रुंद साल, मग रसवाहिन्या, कॅम्बियमचा, म्हणजे वाढणाऱ्या पेशींचा पट्टा आणि मध्यभागी जलवाहिन्यांचा भरीव गाभा. चांगल्या मुळीत स्टार्च ठासून भरलेला असतो, म्हणून ती कट्कन मोडते. जून, काष्ठमय मुळी चिवट लागते. लागवडीचा संबंध इथे येतो, कारण मुळीची प्रत जमिनीवरही अवलंबून असते. या पिकाला हलकी, निचऱ्याची जमीन हवी; पाणी धरून ठेवणारी उसाची भारी जमीन त्याला मानवत नाही.

भेसळही छेदात उघडी पडते. खोडाच्या मधोमध भेंड, म्हणजे मऊ पेशींचा भाग, असतो. अश्वगंधेच्या मुळात तो नसतो. चूर्णात पानं मिसळली असतील तर पर्णरंध्रं आणि फांद्या फुटलेले केस दिसतात. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये अश्वगंधेची पानं वापरू नयेत, अशी सूचना उत्पादकांना दिली होती. ती पाळली जाते का, हे पाहायची एक सोपी वाट सूक्ष्मदर्शकातून जाते.

शतावरीचा नमुना निराळा. ती एकदलवर्गीय, तिच्या मुळात भेंड असतोच. त्याभोवती जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांचे गट आळीपाळीने कडं करतात, आणि सालीत सुयांसारख्या स्फटिकांचे जुडगे आढळतात. म्हणजे एका मुळीत जी भेसळीची खूण, ती दुसरीत अस्सलपणाची. नियम पाठ करून भागत नाही, प्रत्येक वनस्पतीचा छेद ओळखावा लागतो.

सर्पगंधेची कथा मुंबईशी जोडलेली आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव मांडले आणि ही मुळी जगाच्या नजरेत आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं केलं गेलं. मागणी वाढली की जवळच्या जातींची मुळं खपवली जाणारच. फरक असा की सर्पगंधेच्या बुचात लहान आणि मोठ्या पेशींचे थर आळीपाळीने येतात आणि सालीत जाड, कठीण भिंतींच्या दगडपेशी नसतात. तिच्या जागी खपवल्या जाणाऱ्या भाऊबंदांत त्या असतात.

सूक्ष्मदर्शकाला मर्यादाही आहेत. अर्क काढून घेतलेली मुळी त्याला बरीचशी मूळचीच वाटेल. औषधी द्रव्य किती उरलं, हे रासायनिक तपासणीच सांगते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी म्हणूनच वनस्पतीशास्त्र आणि रसायनशास्त्र हातात हात घालून चालतात. पण पहिली चाळणी छेदाचीच, कारण ती स्वस्त आहे आणि जवळच्या महाविद्यालयातही होऊ शकते.

मुळी लावणाऱ्यांनी म्हणून एवढं करावं: काढणीपूर्वी फुला-फळांसह एक झाड दाबून, वाळवून ठेवावं, माल विकण्याआधी नमुन्याचा छेद तपासून घ्यावा आणि त्याचं छायाचित्र बिलासोबत जोडावं. ओळख पटलेल्या मालाचा भाव मागताना शेतकऱ्याच्या हाती मग पुरावा असेल.