राजमाचीची वाट आणि अंगठ्यामागचा खळगा

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा सोमवारी सकाळी मनगटाला रुमाल बांधून माझ्याकडे आला. "जयभीम ताई. काही नाही, जरा मुरगळलंय." आदल्या दिवशी अभ्यासिकेतली सहा मुले आणि दोन मुली सायकली घेऊन राजमाचीला गेली होती. एकाच्या वडिलांचा छोटा हत्ती आहे. त्यात सायकली आडव्या टाकून लोणावळ्यापर्यंत, आणि तिथून पुढे पॅडल मारत. परतीच्या वाटेवर एका उतारावर हा हँडलवरून पुढे फेकला गेला आणि हात टेकून पडला. ज्या दवाखान्यात नेले तिथे एक्स-रे काढला, हाड ठीक आहे असे सांगितले, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले.

मी त्याला अंगठा वर ताणायला सांगितला. तुम्हीही करून पाहा. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन दोऱ्यांसारख्या शिरांच्या मध्ये एक खळगा पडतो. तिथे मी बोट दाबले आणि तो कळवळला.

या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचे हाड असते, साधारण काजूच्या आकाराचे. पसरलेल्या हातावर पडल्यावर ते मोडू शकते आणि पहिल्या एक्स-रेत ही चीर पुष्कळदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे साफ असला, तरी त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर अंगठ्यासकट मनगट बांधून ठेवायचे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, अशी पद्धत आहे. या हाडाला रक्त बोटांच्या बाजूने येते. मध्ये चीर गेली की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड जुळायला फार वेळ लागतो. दुर्लक्ष झाले तर ते जुळतच नाही, आणि पुढे काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजतो.

हा मुलगा लादी बसवण्याच्या कामाला जातो. दिवसभर गुडघ्यावर बसून हाताने ठोकायचे, उचलायचे, घासायचे. त्याचे मनगट गेले तर घरचा निम्मा पगार गेला. दुसऱ्या एक्स-रेत चीर दिसली. प्लास्टर जवळजवळ तीन महिने राहिले. तेवढे दिवस त्याच्या आईने दोन जास्तीची घरकामे धरली.

हे वाचून कोणी पोरांच्या सायकलीला कुलूप लावू नये. डोंगरातली सायकल हृदयाला, फुप्फुसांना, मांड्यांना जे देते ते वस्तीच्या बोळात मिळत नाही. पण त्या दिवशी ही मुले सायकल चालवता येते एवढ्या भरवशावर गेली होती. सपाट डांबरी रस्त्यावर चालवणे आणि डोंगरवाटेवर चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

परदेशात डोंगरी सायकलच्या वाटांना खुणा लावतात. सोप्या वाटेला हिरवा गोल, मध्यम वाटेला निळा चौकोन, अवघड वाटेला काळा चौकट. बर्फावर घसरण्याच्या खेळातून ही पद्धत आली. निळा चौकोन म्हणजे वाट निदान दोन फूट रुंद, चढ सरासरी शंभर फुटांना दहा फुटांपर्यंत, अधूनमधून त्याहून तीव्र, आणि टाळता न येणारे अडथळे साधारण वीतभर उंचीपर्यंत. आपल्याकडच्या वाटांवर अशा पाट्या नसतात. त्यामुळे वाट हिरवी की निळी हे आपले आपणच ओळखावे लागते.

लोणावळ्याहून तुंगार्ली तलावावरून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत जाणारी वाट मी निळ्यात धरते. एका बाजूचे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. रुंदीची अडचण नाही, जीपही जाते. अडचण खालच्या जमिनीची. मुरूम, सुटे गोटे, पावसाने कोरलेल्या चऱ्या, मध्येच ओढ्याची दगडी तळी, आणि वाट सारखी चढते-उतरते. पावसाळ्यात चिखल आणि ओढे यांमुळे नवख्याने तिकडे जाऊच नये. ऑक्टोबर सरला की जमीन घट्ट होते. उधेवाडीहून खाली कोंढाणे लेण्यांकडे पायवाट उतरते. लेणी पाहावीत अशीच आहेत, पण ती वाट पायांची आहे. सायकल गावात ठेवून जावे.

पडतात ती मुले बहुतेक उतारावर. चढावर माणूस दमतो, उतरतो, ढकलत नेतो, हाड मोडत नाही. आमचा मुलगा का पडला ते मी त्याला सावकाश विचारले. समोर चर दिसली, घाबरला, आणि पुढचा ब्रेक एकदम आवळला. पुढचे चाक थांबले, अंग थांबले नाही. त्यात तो सीटवर बसून होता.

उतार लागण्याआधी सीट दोन-तीन बोटे खाली करावी. उतारावर सीटवर बसू नये. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभे राहावे, टाचा किंचित खाली, कोपर आणि गुडघे सैल, कंबर सीटच्या मागे. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबावेत, एकेका बोटाने, दगडांच्या आधी. दगडांवर चाक असताना ब्रेक जितका कमी तितका बरा. नजर चाकाखाली ठेवू नये, पुढे दहा-पंधरा फुटांवर ठेवावी. ज्या दगडाकडे पाहाल त्याच दगडावर चाक जाते, हे कुणीही सायकलवाला सांगेल. आणि भीती वाटली तर उतरून चालावे. आमच्या गटातल्या दोन्ही मुली दोन ठिकाणी उतरून चालल्या. मुलांनी त्यांना हसून घेतले. घरी धड परत आल्या त्या दोघीच. बाकीच्यांना कमी-जास्त खरचटलेले होतेच.

सायकलीबद्दल थोडे. जुन्या बाजारातून घेतलेली, जाड टायरची, मध्ये स्प्रिंग असलेली सायकल दिसायला डोंगरी असते, पण तिचे ब्रेकचे रबर झिजून लोखंड लागलेले असते. निघण्याआधी सायकल उभी करून एकेक ब्रेक आवळून पुढे ढकलून पाहा. चाक फिरले तर ती सायकल उताराची नाही. रबराची जोडी महाग नसते. हेल्मेट सायकलचेच घ्यावे, हनुवटीखालचा पट्टा बांधावा, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, तेच तेच विचारणे यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.

आणखी एक गोष्ट, जी दुसऱ्या कुठल्या सायकलच्या पुस्तकात क्वचितच असेल. आपल्या समाजात, विशेषतः विदर्भातून इकडे पोटासाठी आलेल्या घरांत, सिकलसेल आढळतो. ज्यांना तो आजार आहे त्यांनी अशा सहलीआधी डॉक्टरांना विचारावेच. ज्यांच्यात तो फक्त वाहक म्हणून आहे ती माणसे एरवी ठणठणीत असतात. पण उन्हात, पाण्यावाचून, जिद्दीने ताणलेल्या श्रमात त्यांचे स्नायू क्वचित गंभीर दुखावतात. पायांत न थांबणारे दुखणे, एकदम गळून जाणे, लघवी काळपट होणे ही लक्षणे थकव्याची समजू नका, रुग्णालय गाठा. तपासणी एकदाच करायची असते आणि सरकारी रुग्णालयात होते. घरात कुणाला असेल तर मुलांचीही करून घ्या. बाकी सगळ्यांनी माणशी दोन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ. सोबत भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे. डोंगरात वडापाववर भिस्त ठेवू नये.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी राजमाचीऐवजी मळवलीपासून सुरुवात करावी असे मला वाटते. मळवली स्टेशनच्या बाजूने, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव. तिथपर्यंत वाट हिरवीच. पुढे लोहगड आणि विसापूर या दोन किल्ल्यांमधल्या खिंडीकडे रस्ता चढतो, तो मात्र दम काढतो. जमेल तिथपर्यंत चढावे, तिथूनच वळावे आणि उतरायचे कसे ते त्या रस्त्यावर शिकावे. खाली भाजे लेण्यांपाशी सायकली लावून पायऱ्या चढता येतात. दोन हजार वर्षांहून जुने चैत्यगृह आहे, आत गार असते आणि बाहेर स्तूपांची रांग.

लादीवाला मुलगा फेब्रुवारीत तिथेच आला. प्लास्टर नुकतेच निघाले होते, म्हणून सायकल चालवली नाही. मनगटाला पट्टा बांधून छोट्या हत्तीच्या फाळक्यावर बसला होता आणि उतरून येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "कंबर मागे, कंबर मागे!"