चौथ्या बाटलीतले मीठपाणी

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणापुढे ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असे लिहिले, की पुढचे काम प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागाकडे येते. एका बरणीत जठर, त्यातले अन्न आणि लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. लहान बाटलीत रक्त. अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवलेले असतात. या सगळ्यांसोबत आणखी एक बाटली येते. तिच्यात नुसतेच मीठपाणी असते, ज्या द्रावणात अवयव ठेवले त्याचाच नमुना. उद्या अवयवांत काही सापडले, तर ते या पाण्यातून आलेले नाही हे दाखवता यावे म्हणून ती पाठवायची असते. विषशास्त्र हे विज्ञान म्हणून कसे उभे राहिले, हे मला या चौथ्या बाटलीमुळे नीट कळले.

ज्या सरकारी प्रयोगशाळेत मी हे काम जवळून पाहिले, तिथे बरणीचे झाकण निघण्याआधीच बराच वेळ जातो. लाखेच्या मोहरेचा ठसा पोलिसांच्या पत्रासोबतच्या नमुना ठशाशी जुळवून पाहतात. मोहर तुटलेली असेल, चिठ्ठीवरचा क्रमांक वेगळा असेल, बरणी गळली असेल, तर ते आधी नोंदवहीत जाते. झाकण उघडल्यावर येणारा वास सवय नसलेल्याला सहन होत नाही. त्यात कधी लसणासारखा, कधी रॉकेलसारखा उग्र दर्प मिसळलेला असतो आणि जुन्या विश्लेषकांना त्यावरून कीटकनाशकाचा अंदाज येतो. पण अंदाज हा निष्कर्ष म्हणून कोणी लिहीत नाही.

मोजून घेतलेला तुकडा कात्रीने बारीक करायचा, त्यातली प्रथिने साकळवून गाळायची, आणि गाळलेले पाणी द्रावकाबरोबर काचेच्या नरसाळ्यात हलवायचे. थोड्या वेळाने दोन थर वेगळे होतात. कीटकनाशक असेल तर ते द्रावकाच्या थरात जाते. तो थर बशीत घेऊन उडू दिला की तळाशी जेमतेम एक तेलकट डाग उरतो. या कृतीचे मूळ बेल्जियमच्या झाँ स्तास यांच्या कामात आहे. १८५० साली एका खुनाच्या तपासात त्यांनी मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळे काढून दाखवले. त्याआधी वनस्पतिजन्य विष शरीरातून परत मिळवणे अशक्य मानले जाई.

मग काचेची पट्टी. तिच्यावर सिलिका जेलचा पांढरा, खडूसारखा लेप. खालच्या कडेपासून बोटभर अंतरावर केसासारख्या बारीक नळीने ठिपके दिले जातात: नमुन्याचा, माहीत असलेल्या कीटकनाशकांचे, आणि एक ‘ब्लँक’चा. ब्लँक म्हणजे नमुना सोडून बाकी सगळे. तेच द्रावक, तेच नरसाळे, तीच बशी. पट्टी हेक्झेन आणि ॲसिटोनच्या मिश्रणात उभी करतात. द्रावक लेपातून वर चढते आणि प्रत्येक पदार्थाला आपापल्या उंचीवर सोडून जाते. पट्टी वाळली की तिच्यावर पॅलेडियम क्लोराइडचा फवारा. गंधक असलेली ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशके पिवळ्या डागांनी उमटतात.

मी साहजिकच नमुन्याच्या रांगेकडे पाहत होतो. विश्लेषक मॅडमनी आधी ब्लँकची रांग पाहिली. ‘‘इथं काही उमटलं असतं, तर ही पट्टी फेकायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची,’’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि नमुन्याच्या डागाची उंची मोजपट्टीने मोजली.

या फवाऱ्यांच्या शोधात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही. तेव्हाच्या औरंगाबादच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञांनी १९९०च्या दशकात असे अनेक अभिकर्मक शोधले. त्यांचे निबंध ‘ॲनॅलिस्ट’सारख्या ब्रिटिश नियतकालिकात छापून आले. शेतातली कीटकनाशके पोटात जाऊन मरणाऱ्यांच्या बरण्या ज्यांच्या टेबलावर रोज येत होत्या, त्यांनीच ही पद्धत सुधारली. आज डागावरून आलेला संशय गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रावर पक्का करतात. तिथेही आधी ब्लँक चालवतात.

ब्लँकचा हा आग्रह कोर्टातून आला. १८३६ साली इंग्लंडच्या जेम्स मार्श यांनी आर्सेनिकची चाचणी प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्लात संशयित पदार्थ टाकायचा, निघणारा वायू तापवायचा. आर्सेनिक असेल तर काचेवर काळसर, चकचकीत थर जमतो. चाचणी इतकी संवेदनशील होती, की जस्तात किंवा आम्लात असलेले आर्सेनिकही ती दाखवी. १८४० साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज हिच्यावर नवऱ्याला विष घातल्याचा खटला चालला. स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून मातेओ ऑर्फिला यांना बोलावले. मृतदेहात आर्सेनिक आहे एवढे सांगून ते थांबले नाहीत. ते चाचणीच्या रसायनांतून आलेले नाही, शवपेटीभोवतीच्या मातीतूनही नाही, हेही त्यांना सांगावे लागले. बचावपक्षाने बोलावलेले रसायनतज्ज्ञ रास्पाय पोहोचले तेव्हा निकाल लागला होता. असे आर्सेनिक तर मी न्यायाधीशांच्या खुर्चीतूनही काढून दाखवीन, असे ते म्हणत. याच ऑर्फिलांनी माणसाच्या हाडांत आर्सेनिक मुळातच असते असा दावा आधी केला होता आणि पुढे तो मागे घेतला. मला त्यांच्या साक्षीपेक्षा ही माघार मोठी वाटते. तिसेक वर्षांनी इटलीच्या फ्रान्चेस्को सेल्मी यांनी दाखवले, की कुजणाऱ्या ऊतींतही वनस्पतिजन्य विषांसारखी प्रतिक्रिया देणारे पदार्थ तयार होतात. म्हणजे मृतदेह स्वतःच खोटी साक्ष देऊ शकतो.

विसाव्या शतकात विष नेमके कशातून आले हाच प्रश्न औषधांपाशी आला. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले. विक्रीआधी कंपनीने चव, वास आणि रंग पाहिला होता, विषारीपणा नाही. शंभरावर माणसे दगावली, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. शिकागो विद्यापीठात गायलिंग यांच्या प्रयोगशाळेने प्राण्यांना औषध वेगळे, द्रावक वेगळे आणि तयार मिश्रण वेगळे देऊन पाहिले. मारेकरी द्रावकच होते. त्या कामात पुढे फ्रान्सिस केल्सी या नावाने ओळखली गेलेली विद्यार्थिनी होती. १९६० साली अमेरिकी औषध प्रशासनात थॅलिडोमाइड या औषधाला परवानगी देण्यास नकार देणाऱ्या केल्सी त्या ह्याच. आणि १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच डायएथिलिन ग्लायकॉल ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेले आणि चौदा जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. जगाला एकोणपन्नास वर्षे माहीत असलेले विष इथे तपासलेच गेले नव्हते, याचा राग मला आजही येतो.

ज्ञान एका प्रयोगशाळेत असून भागत नाही, हे या विषयातल्या माणसांनी त्याच्या बरेच आधी ओळखले होते. औषधशास्त्राच्या संस्थांत त्यांना कोपरा मिळे, स्वतःचे व्यासपीठ नव्हते. १९५९ साली ‘टॉक्सिकॉलॉजी अँड अप्लाइड फार्माकॉलॉजी’ हे नियतकालिक निघाले आणि १९६१ साली नऊ जणांनी अमेरिकेत सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी स्थापन केली. हॅरॉल्ड हॉज पहिले अध्यक्ष झाले. संस्थापकांत सरकारी खात्यातले, विद्यापीठातले आणि कारखानदारीतले असे तिन्हीकडचे लोक होते. मला ही रचना महत्त्वाची वाटते, कारण एकमेकांचे हितसंबंध वेगळे असलेल्यांनीच एकमेकांचे आकडे तपासायचे होते. १९६३ साली लंडनमध्ये न्यायवैद्यक विषतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. एकच नमुना, त्यात काय आहे ते न सांगता, अनेक प्रयोगशाळांना पाठवायचा आणि उत्तरे ताडून पाहायची, ही प्रथा अशा बिरादरीशिवाय रुजत नाही. भारतात लखनौची विषशास्त्र संशोधन संस्था १९६५ची.

आपल्याकडे पोलीस आणि वकील ज्याला ‘सीए रिपोर्ट’ (केमिकल ॲनालायझरचा अहवाल) म्हणतात, त्यावर या सगळ्याचा भार येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. मी पाहिलेल्या अहवालांत निष्कर्ष एखाद्या वाक्याचा होता: विष आढळले नाही. घरची माणसे ते ‘विष दिलेच नव्हते’ असे वाचतात. पण सापाचे विष सिलिकाच्या पट्टीवर कधीच उमटणार नाही. काही रसायने रुग्ण रुग्णालयात तग धरून राहिला तेवढ्या दिवसांत शरीरातून निघून जातात. काही बरणीत पडून पडून विघटित होतात. म्हणून कोणकोणत्या विषांसाठी तपासणी केली, किमान किती मात्रा पद्धतीला दिसू शकते आणि मीठपाण्याच्या बाटलीत काय मिळाले, या तीन गोष्टी प्रत्येक अहवालावर छापल्या गेल्या पाहिजेत. त्या विश्लेषकाच्या नोंदवहीत असतातच. त्या कोर्टापर्यंत आणि मृताच्या घरापर्यंत पोहोचवायला नवे यंत्र लागत नाही, अहवालाच्या नमुन्यात तीन ओळींची जागा लागते.