कुबट वास, पांढरी चादर आणि विहिरीचं कार्ड

सिंधुदुर्गातल्या तारकर्लीत किंवा देवबागेत उतरणारा पुण्या-मुंबईचा पाहुणा खोलीत शिरला की आधी वास घेतो. मग चादर उचलून पाहतो, बाथरूमचा दिवा लावतो आणि भिंतीवर पाल दिसली की मालकाला हाक मारतो. या तपासणीत खोली नापास झाली तर घरी परतल्यावर गुगलवर एक तारा, पास झाली तर पाच. दोन्ही निकाल बहुतेक वेळा चुकीच्या पुराव्यावर दिलेले असतात. नाकाडोळ्यांना खटकणारी घाण आणि माणसाला आजारी पाडणारी घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुट्टीवर आलेला माणूस पहिलीच शोधत बसतो.

‘कुबट वास येतो, म्हणजे खोली साफ केलेली नाही’

सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. घरं जांभ्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि सावकाश सोडतो. त्यात खारा वारा. तो भिंतीवर मीठ आणून बसवतो आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. बुरशी वाढायला एवढं पुरतं. गाद्या, उशा, लाकडी कपाटाची मागची बाजू ही तिची आवडती ठिकाणं. सकाळी फिनेलने पुसलेल्या खोलीलाही दुपारी दारं बंद राहिली की वास येतो. किनाऱ्यावरची कुठलीही घरमालकीण सांगेल, “पावसात कापड सुकणा नाय.” आणि तिचं खरं असतं. चादर धुणं अवघड नाही, ती कोरडी करणं अवघड आहे. उन्हात कडक वाळलेल्या चादरीत जंतू फार टिकत नाहीत. जुलैत पडवीत दोरीवर दोन दिवस लोंबकळणारी चादर धुतलेली असूनही आंबूस लागते.

म्हणून आधी खिडक्या उघडाव्यात, पंखा लावावा आणि अर्धा तास थांबावं. वास गेला तर तो कोंडलेल्या हवेचा होता. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा गादीवर काळे-हिरवट ठिपके दिसत असतील तर मात्र खोली बदलून मागावी. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसासाठी तो बारीकसारीक प्रश्न नाही. मला स्वतःला जास्त संशय येतो तो दार उघडताच रूम फ्रेशनरचा भपका मारणाऱ्या खोलीचा. त्या वासाखाली काय आहे ते कळायला मार्गच राहत नाही.

‘पांढरीशुभ्र चादर म्हणजे धुतलेली चादर’

हॉटेलात पांढऱ्याच चादरी ही पद्धत जगभर रूढ व्हायला एका अमेरिकी साखळीचा मोठा हातभार लागला. वेस्टिनने १९९९ मध्ये ‘हेवनली बेड’ नावाने संपूर्ण पांढरा बिछाना आणला आणि बाकीच्यांनी तो उचलला. पांढऱ्याचा खरा फायदा धोब्याला आहे. सगळ्या चादरी एकत्र ब्लीचमध्ये टाकता येतात, रंग उडायची भीती नाही. पाहुण्याला त्यात स्वच्छता दिसते, हा वरचा नफा. मालवणातल्या घरगुती निवासात फुलाफुलांची सोलापुरी चादर मिळते तेव्हा शहरी पाहुण्याच्या कपाळावर आठी पडते, पण तिचा आणि धुण्याचा काही संबंध नाही. चादरीपेक्षा ब्लँकेट, रजई आणि पडदे यांच्याबद्दल विचारावं. ते प्रत्येक पाहुण्यामागे धुतले जात नाहीत, मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतही नाही.

हल्ली काही मंडळी अतिनील किरणांची छोटी बॅटरी घेऊन फिरतात आणि अंधारात चादर चमकली की व्हिडिओ काढतात. कपडे धुण्याच्या बऱ्याच पावडरींत कापड उजळ दिसावं म्हणून घातलेली द्रव्यं याच प्रकाशात चमकतात. शरीरातले काही स्रावही चमकतात हे खरं, पण निव्वळ चकाकीवरून दोन्हींतला फरक घरबसल्या सांगता येत नाही. चादर सगळीकडे सारखी उजळली तर बहुधा ती पावडरीत बुचकळून निघालेली आहे, एवढंच.

‘महाग हॉटेल स्वच्छ, घरगुती निवास यथातथा’

२०१८ मध्ये चीनमध्ये एका ब्लॉगरने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं जगभर गाजली. नामांकित पंचतारांकित हॉटेलांतले कर्मचारी ज्या फडक्याने बेसिन पुसत होते त्याच फडक्याने चहाचे कप पुसताना त्यांत दिसले. आपल्याकडे तारे देण्याचं काम केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या व्यवस्थेतून होतं. ते ऐच्छिक आहे आणि त्यात बरंचसं मोजमाप सोयींचं असतं. आज सकाळी अकरा वाजता तुमच्या खोलीत कोणतं फडकं फिरलं, ते तारा सांगत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि पुढच्या काळात किनाऱ्यावर घराघरांत न्याहारी-निवासाच्या खोल्या निघाल्या. केंद्राच्या न्याहारी-निवास योजनेत एका घराला जास्तीत जास्त सहा खोल्या देता येतात आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं, अशी अट आहे. ही अट मला ताऱ्यांपेक्षा मोलाची वाटते. ज्या घरातली मुलं तुमच्याच टाकीचं पाणी पितात, तिथे टाकी धुण्याची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही.

पण घरगुती निवासाची एक दुखरी बाजू आहे. खोली झाडणारी, चादर बदलणारी आणि दुपारचं माशाचं ताट वाढणारी बाई बऱ्याचदा एकच असते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा, नाताळचा आठवडा, मे महिन्यातले शनिवार-रविवार अशा दिवसांत एक कुटुंब दहाला खोली सोडतं आणि दुसरं साडेदहालाच बॅगा घेऊन ओट्यावर हजर असतं. त्या अर्ध्या तासात काय होऊ शकतं आणि काय नाही, याचा हिशेब पाहुण्यानेच करावा. लवकर खोली देण्याचा आग्रह धरणारा माणूस स्वतःच्याच खोलीची सफाई कापत असतो.

‘सगळ्यात घाण जागा म्हणजे संडास’

ही समजूत निम्मी खरी आहे. अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन विद्यापीठांच्या साथीने तीन राज्यांतल्या नऊ खोल्यांतल्या वेगवेगळ्या पृष्ठभागांवरचे जिवाणू मोजले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. कमोड आणि बेसिन वरच्या क्रमांकावर होतेच, पण त्यांच्या पंक्तीला टीव्हीचा रिमोट आणि पलंगाशेजारच्या दिव्याचं बटणही होतं. बाथरूमच्या दाराची मूठ मात्र सर्वात स्वच्छ जागांमध्ये निघाली. सफाईच्या गाडीवरचे स्पंज आणि पोछे चांगलेच जंतुयुक्त होते, म्हणजे एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत नेण्याची सोय साफसफाईनेच करून ठेवली होती. नऊ खोल्या म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, पण मुद्दा पटण्याजोगा आहे. संडास घाण असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून तो रोज घासला जातो. रिमोट कोणी घासत नाही.

अमेरिकी यादीत आपल्या दोन वस्तू येणं शक्यच नव्हतं. एक कमोडशेजारच्या जेट स्प्रेची मूठ, दुसरी बादलीतल्या मगाचा कान. दोन्ही दर पाहुण्याच्या हाताला लागतात, तेही नको त्या क्षणी. साबणाच्या पाण्याने एकदा धुऊन घेतले की काम झालं. पलंगावर, पडद्यांवर, हवेत सॅनिटायझर फवारायची करोनाकाळातली सवय आता सोडून द्यायला हरकत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागण्यातून तो विषाणू लागण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. जेवणाआधी साबणाने हात धुणं मात्र सोडू नये. काही जुलाबाचे विषाणू अल्कोहोलला फारशी दाद देत नाहीत.

पाल, मुंगी, ढेकूण आणि खरा शत्रू

कौलारू घरात पाल असणारच. ती डास आणि किडे खाते, तुम्हाला चावत नाही. मुंग्या तुमच्याच पिशवीतल्या खाज्याच्या आणि लाडवांच्या वासावर आलेल्या असतात. ढेकणांबद्दल मात्र लोकांचा गैरसमज मोठा आहे. ढेकूण घाणीवर जगत नाही, रक्तावर जगतो, त्यामुळे चकचकीत हॉटेलही त्याला चालतं. तो उडत नाही, उडी मारत नाही, सामानातून प्रवास करतो. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की धुतलेल्या कपड्यांपेक्षा माणसाने वापरलेल्या कपड्यांकडे ढेकूण जास्त ओढले जातात. म्हणजे जमिनीवर उघडी टाकलेली मळक्या कपड्यांची पिशवी हेच त्याचं वाहन. त्याच्या चाव्याने खाज सुटते, पण तो माणसांत रोग पसरवतो असा पुरावा नाही. गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसतात का पाहावं, बॅग खुर्चीवर ठेवावी आणि घरी गेल्यावर कपडे कडक गरम पाण्यात धुवावेत.

खरा शत्रू स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंग्यूचा एडिस डास गटारात अंडी घालत नाही, त्याला साठलेलं नितळ पाणी लागतं. किनाऱ्यावर पर्यटकांनी पिऊन टाकलेली शहाळी आणि मागच्या अंगणातल्या करवंट्या यांत पहिल्याच पावसाने त्याची सोय होते. खोली आरशासारखी पुसलेली आणि मागे शहाळ्यांचा ढीग, असं दृश्य दिसलं तर पालीची तक्रार राहू द्यावी आणि ढिगाची करावी.

‘मालवणी मसाला झेपला नाही’

पोट बिघडलं की पाहुणा दोष देतो मसाल्याला, नाहीतर खोलीला. मसाल्याने जळजळ होईल, पण तापासह तीन दिवस जुलाब होत नाहीत. तिथे बघायचं ते पाणी.

देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. अशा वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं आणि विहिरी त्याच पातळ थरातून पाणी घेतात. त्याच वाळूत प्रत्येक घराची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डाही आहे. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात किमान १५ मीटर अंतर असावं असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि वाळूत सांडपाणी भराभर पुढे सरकतं म्हणून तिथे आणखी जास्त हवं. आता मे महिन्याचा विचार करा. विहिरींची पातळी सर्वात खाली, पर्यटकांची गर्दी सर्वात वर, दर खोलीत दिवसाला चार-चार अंघोळी, कारण समुद्रातून आल्यावर प्रत्येकाला अंगावरचं मीठ धुवायचं असतं. विहिरीवर आणि शोषखड्ड्यावर एकाच वेळी ताण येतो. जूनचा पहिला मोठा पाऊस उरलंसुरलं सांडपाणीही विहिरीत नेतो.

ग्रामपंचायती विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात ती यासाठीच. नळाच्या पाण्याला किंचित क्लोरिनचा वास आला तर पाहुणे नाक मुरडतात, तरी तो वास चांगली खूण आहे. महाराष्ट्रात गावोगावच्या सार्वजनिक पाणीस्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला जोखमीनुसार हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. खोली ठरवताना समुद्र किती मीटरवर आहे हे सगळे विचारतात, पण गावाला कोणतं कार्ड आहे, हे विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

उकळलेलं किंवा सीलबंद पाणी प्यायलं की झालं, असंही नाही. सोलकढी उकळत नाहीत. आमसुलं, नारळाचं दूध आणि पाणी. कोकम सरबतातही पाणी आणि वर बर्फ. ते पाणी कुठलं, हा प्रश्न चादरीच्या प्रश्नाआधी यायला हवा. सोलकढी सोडा असं मी सांगणार नाही, मालवणात येऊन ती न पिणं हा वेगळाच गुन्हा. जिथे घरातली माणसं तेच पाणी पितात तिथे प्यावी.

जिल्ह्याच्या कौतुकाचाही इथे घोळ होतो. २०१६ मध्ये केंद्राच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात ७५ जिल्ह्यांपैकी सपाट प्रदेशाच्या गटात सिंधुदुर्ग पहिला आला. ते यश मोठंच आहे. पण त्यात शौचालयं, त्यांचा वापर, सार्वजनिक जागांची स्वच्छता असलं मोजलं होतं. त्यावरून खोलीतल्या तांब्यातलं पाणी कसं आहे ते कळत नाही.

चार महिने बंद असलेला शॉवर

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, आणि कितीतरी खोल्याही. त्या खोल्या दिवाळीच्या तोंडावर पर्यटकांसाठी उघडतात. इतके दिवस पाइपात आणि गिझरमध्ये साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या सदस्यांमध्ये न्यूमोनियाची साथ पसरली, त्यावरून त्याचं नाव पडलं. तो पिण्यातून नव्हे, श्वासातून गेलेल्या बारीक तुषारांतून लागतो. हंगामाच्या सुरुवातीला खोली मिळाली तर शॉवर सुरू करून बाथरूमबाहेर यावं आणि पाच मिनिटं पाणी वाहू द्यावं. गिझर पूर्ण तापवावा, कारण ६० अंशांच्या वर हा जिवाणू टिकत नाही. भिंतीवरच्या स्प्लिट एसीला लोक या आजारासाठी जबाबदार धरतात, पण त्यात असा पाण्याचा साठा नसतो. जाळीवरची धूळ मात्र बघावी.

आणि खोली पाहुणाही घाण करतो. किनाऱ्यावरच्या बहुतेक निवासांत अंगणात पाय धुवायला नळ ठेवलेला असतो. तो टाळून थेट बाथरूममध्ये गेलं की वाळू मोरीच्या जाळीखाली बसते, पाणी तुंबतं, आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमला वास येतो म्हणून मालकाला फोन जातो. ओले पोहण्याचे कपडे गादीवर वाळत घातले तर वर सांगितलेल्या बुरशीला हवा तो ओलावा आयता मिळतो. दोरी पडवीत असते, चिमटे मागितले की मिळतात.