बॉल पायथनची पेटी : दमटपणा हवा, ओल नको

सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या आफ्रिकी प्रदेशात आढळणारा बॉल पायथन हा जगभर मोठ्या संख्येने पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक आहे. बिनविषारी, स्वभावाने शांत आणि लांबीने बहुधा दीड मीटरच्या आत राहणारा हा साप भारतातील महानगरांमधील काही घरांतही पोहोचला आहे. त्याच्या पेटीतील तापमानाची व खाद्याची काळजी सहसा घेतली जाते. आर्द्रतेकडे मात्र दुर्लक्ष होते. कात अडकणे, श्वसनाचे विकार, पोटाकडील खवले सडणे या तक्रारींचे मूळ अनेकदा तेथेच असते.

प्रथम कायद्याविषयी. भारतीय अजगरासारखा देशी साप घरात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी तो ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची नोंदणी ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. पुढील विवेचन रीतसर नोंदणी झालेल्या सापांच्या संगोपनापुरतेच आहे.

सापाला आर्द्रतेची खरी निकड भासते ती कात टाकताना. जुन्या व नव्या त्वचेच्या मध्ये एक द्रव स्रवतो आणि त्यामुळे दोन थर सुटे होतात. या काळात डोळे दुधाळ, निळसर दिसू लागतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो व तोही कातीबरोबर निघतो. हवा कोरडी असेल किंवा सापाच्या शरीरात पाणी कमी असेल, तर कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी सुटते. डोळ्यावरचा खवला तसाच राहतो, शेपटीच्या टोकाशी कातीचे कडे आवळून बसते आणि रक्तपुरवठा थांबून ते टोक गळूनही पडू शकते.

बॉल पायथनसाठी साधारण ५५ ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. कात टाकण्याच्या सुमारास ती याहून थोडी अधिक असावी. मात्र, हा आकडा संपूर्ण पेटीला एकसारखा लागू करता येत नाही, कारण सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर बदलते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला ७० टक्के आर्द्र असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच राहूनही तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४७ टक्क्यांवर येते. म्हणजेच पेटीच्या थंड टोकाला समाधानकारक भासणारी हवा उष्ण टोकाला कोरडी असते. एका टोकाला लावलेल्या एकाच मापकावर विसंबणे त्यामुळे फसवे ठरते.

निसर्गात हा साप हा प्रश्न आपल्या परीने सोडवतो. सवाना प्रदेशातील कोरडे दिवस तो उंदरांच्या बिळांत वा वारुळांत काढतो. बाहेर धूळ उडत असली, तरी बिळातली हवा दमट असते. पेटीतही नेमके हेच साधावे लागते. बंद झाकणाच्या डब्याला सापापुरते दार कापून आत पिळून घेतलेले स्फॅग्नम मॉस ठेवले, की दमट आसरा तयार होतो. साप गरजेप्रमाणे त्यात शिरतो व बाहेर येतो.

दिवसातून चार वेळा फवारणी करण्याची सवय मात्र अनेकांना सोडावी लागेल. फवारलेले पाणी काचेवर व पृष्ठभागावर बसते, आर्द्रता तासाभरासाठी वाढते आणि पुन्हा घसरते. ओल तेवढी मागे राहते. सतत ओल्या पृष्ठभागावर पडून राहिल्याने पोटाकडील खवल्यांना जंतुसंसर्ग होतो. त्याऐवजी तळाशी तीन-चार इंच जाडीचा कोकोपीटचा थर देऊन त्याच्या कोपऱ्यांत पाणी सोडावे. खालचा भाग ओलसर राहतो, वरचा कोरडा, आणि बाष्प संथपणे वर येत राहते. कोकोपीट धुतलेले व खत न मिसळलेले असावे. देवदाराचा भुसा टाळावा. त्यातील सुगंधी तेले सापांना अपायकारक ठरतात.

परदेशी पुस्तकांतील सल्ला बहुतांशी हिवाळ्यात कृत्रिम उष्णतेने कोरड्या पडणाऱ्या घरांसाठी लिहिलेला असतो. जुलैमधल्या मुंबईत किंवा पणजीत तो जसाच्या तसा पाळला, तर पेटीत बुरशी धरते. तेथे पाणी वाढवण्यापेक्षा हवा खेळती ठेवणे आणि उष्णता टिकवणे महत्त्वाचे. मे महिन्यातील नागपूरची स्थिती याच्या उलट असते. दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा जाळीच्या झाकणाचा काही भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाकणे, पाण्याचे भांडे मोठे ठेवणे असे उपाय करावे लागतात. वाळ्याचा कूलर खोलीतील दमटपणा वाढवतो, तर वातानुकूलन यंत्र तो शोषून घेते. यंत्राच्या नळीतून बाहेर ठिबकणारे पाणी हे खोलीतल्या हवेतलेच असते. इंदूर, हैदराबाद वा बंगळूरु येथे राहणाऱ्यांनाही ऋतूनुसार हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मापनाविना हे सारे अंदाजावर चालते. काट्याचे स्वस्त आर्द्रतामापक बरेचदा चुकतात. डिजिटल मापक बरे, पण त्याचीही पडताळणी हवी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते विरघळणार नाही, केवळ दाटसर भिजेल एवढेच पाणी घालावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत दहा-बारा तास ठेवावे. आतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६८ दाखवत असेल, तर तो सात टक्के कमी दाखवतो, हे ध्यानात ठेवून पुढील नोंदी वाचाव्यात.

दमट हवा थंड व कोंडलेली असेल, तर श्वसनसंसर्गाचा धोका बळावतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुडीशी बुडबुडे येणे, श्वासाबरोबर आवाज येणे ही त्याची लक्षणे होत. सापाला सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसल्याने खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही. अशा वेळी घरगुती उपचारांत दिवस न दवडता सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे जावे.

अडकलेल्या कातीसाठी सापाला हवेची छिद्रे असलेल्या डब्यात कोमट, ओलसर टॉवेलमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवणे बहुधा पुरेसे होते. मग कात हलक्या हाताने सुटते. डोळ्यावरचा खवला मात्र नखाने किंवा चिमट्याने कधीही ओढू नये, कारण त्याखालच्या डोळ्यालाच इजा होते. पेटीतील आर्द्रता सुधारली, तर तो पुढच्या कातीबरोबर बहुधा आपोआप निघतो. तेव्हाही न निघाल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.