राष्ट्रप्रमुखाची सहधर्मचारिणी : नाते, पद आणि शब्द

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. तीत राष्ट्रपतीची निवडणूक, पात्रता, शपथ, वेतन व निवासस्थान यांची तरतूद आहे. परंतु राष्ट्रपतीच्या पत्नीविषयी अथवा पतीविषयी घटना मौन पाळते. तथापि व्यवहारात राष्ट्रप्रमुखाच्या जोडीदाराला समारंभांत मानाचे स्थान मिळते, परराष्ट्रीय पाहुण्यांच्या स्वागतात त्याचा सहभाग असतो आणि त्याचा निर्देश करण्यासाठी भाषेला शब्दही शोधावा लागतो. जे पद कायद्यात नाही ते व्यवहारात कसे निर्माण होते, हा प्रश्न केवळ राज्यशास्त्राचा नव्हे; तो भाषाशास्त्राचाही आहे. ह्या प्रश्नाचा जुना पुरावा खुलताबाद परिसरात एकत्र आढळतो, म्हणून विवेचनाचा आरंभ तेथून करणे सोयीचे होईल.

खुलताबादचे पूर्वीचे नाव रौजा. १७०७ मध्ये औरंगजेबाचे दफन येथे झाले, त्याला मरणोत्तर ‘खुल्दमकान’ ही उपाधी मिळाली आणि तीवरून गावाचे आजचे नाव रूढ झाले. गावाजवळ मलिक अंबरची कबर आहे (मृत्यू १६२६) आणि तिच्या निकट त्याची पत्नी बीबी करीमा हिची. पहिला निजाम आसफजाह (मृत्यू १७४८) याच्या कबरीपाशीही त्याच्या एका पत्नीची कबर आहे. हे राज्यकर्ते स्वतःच्या नावाने ओळखले जातात. स्त्रियांचा निर्देश मात्र बहुधा नात्याने वा उपाधीने होतो.

ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे औरंगाबादेतील (आजच्या छत्रपती संभाजीनगरातील) बीबीचा मकबरा. तेथे चिरनिद्रा घेणाऱ्या दिलरस बानू बेगमचा विवाह औरंगजेबाशी १६३७ मध्ये झाला व मृत्यू १६५७ मध्ये. औरंगजेब तख्तावर बसला तो १६५८ मध्ये. म्हणजे ती बादशहाची पत्नी कधी झालीच नाही. ती शाहजाद्याची पत्नी म्हणून वारली. ‘राबिया-उद्-दौरानी’, म्हणजे आपल्या युगातील राबिया, ही तिची मरणोत्तर उपाधी. बसऱ्याच्या संत राबियाचे नाव तीत योजिले आहे. लोकांनी ह्या उपाधीच्याही पुढे जाऊन केवळ ‘बीबी’ हा सामान्य आदरवाचक शब्द ठेवला. औरंगजेबाच्या दुसऱ्या एका पत्नीचा निर्देश तर ‘औरंगाबादी महल’ असा स्थलनामानेच होतो. उपाधी जितकी मोठी, तितके मूळ नाव मागे पडते, असे ह्या उदाहरणांवरून दिसते.

मराठी राज्यव्यवस्थेत ह्याहून निराळा प्रकार आढळतो. खुलताबाद तालुक्यातीलच वेरूळ येथील घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी गौतमाबाई व अहिल्याबाई ह्या होळकर घराण्यातील सासू-सुनांची नावे निगडित आहेत. १७३४ मध्ये पेशवे पहिले बाजीराव यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली. ती ‘खासगी’ होय. राज्याचे उत्पन्न ते ‘दौलत’ आणि राणीच्या अधिकारातील ते ‘खासगी’, असा भेद होळकरशाहीत रूढ झाला. गौतमाबाई १७६१ मध्ये वारल्यावर खासगीचा कारभार अहिल्याबाईंकडे आला. पुढे १७६७ ते १७९५ ह्या काळात त्यांनी राज्यकारभारही केला. त्यांच्या दानधर्माचा मोठा भाग खासगीतून झाला. येथे राज्यकर्त्याच्या पत्नीला नुसती उपाधी नव्हती. उत्पन्न होते, हिशेब होता आणि म्हणून उत्तरदायित्वही होते. नात्याचे पदात रूपांतर होण्यास ह्या गोष्टी आवश्यक असतात.

मराठी भाषेने मात्र हा भेद शब्दरूपात राखला नाही. पाटील-पाटलीण, देशमुख-देशमुखीण, सुभेदार-सुभेदारीण ह्या जोड्यांतील स्त्रीलिंगी रूप पद धारण करणाऱ्या स्त्रीचे नसून पदधारकाच्या पत्नीचे आहे. स्त्री स्वतः पदावर येईल ही शक्यता त्या शब्दसिद्धीच्या काळी गृहीत धरलेली नव्हती. परिणामी स्त्री प्रत्यक्ष पदावर आली तेव्हा ‘-ईण’ हा प्रत्यय तिच्या उपयोगी पडला नाही.

‘राष्ट्रपती’ ह्या शब्दाची अडचण ह्याच जातीची आहे. संस्कृतात ‘पति’ शब्दाचे स्वामी व भर्ता असे दोन अर्थ आहेत. यज्ञाशी संबंध असता ‘पति’ शब्दाचे ‘पत्नी’ हे रूप होते, असे पाणिनी सांगतो. म्हणजे ‘पत्नी’ शब्दामागे मुळात यज्ञातील सहाधिकाराची कल्पना आहे. ‘पति’ हे समासाचे उत्तरपद असल्यास हे रूप वैकल्पिक होते, म्हणून स्त्रीलाही ‘गृहपति’ व ‘गृहपत्नी’ ही दोन्ही रूपे साधू ठरतात. मराठीत ‘पत्नी’चा अर्थ ‘बायको’ इतकाच उरला. त्यामुळे २०२२ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या संदर्भात ‘राष्ट्रपत्नी’ शब्द उच्चारला गेला तेव्हा संसदेत गदारोळ झाला व उच्चारणाऱ्या सदस्याला क्षमा मागावी लागली. व्याकरणाला चालणारे रूप अर्थसंकोचामुळे अवमानकारक ठरू शकते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय. उलट, स्त्रीसाठी ‘राष्ट्रपती’ हेच रूप ठेवण्यास व्याकरणाचा आधार आहे.

२५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पाटील यांनी ह्या पदाची शपथ घेतली, तेव्हा भारतात प्रथमच राष्ट्रपतीचे पती हे स्थान निर्माण झाले. देवीसिंह शेखावत (मृत्यू २०२३) हे अमरावतीचे महापौर व आमदार राहिलेले होते. ‘प्रथम महिला’ हा इंग्रजीवरून आलेला शब्दप्रयोग त्यांना लागू पडेना आणि त्याचा पुल्लिंगी प्रतिशब्द मराठीत रुजला नाही. शिवाय हे स्थान अनेकदा रिक्तच राहिले आहे : डॉ. राधाकृष्णन विधुर होते, डॉ. कलाम अविवाहित होते आणि श्रीमती मुर्मू पदग्रहणापूर्वीच विधवा झाल्या होत्या. स्थान रिक्त राहूनही राज्यकारभार अडला नाही. ते पद नव्हे, ह्याचा हाच पुरावा. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांच्या जोडीदाराला, अध्यक्षांच्या कार्यात साहाय्य करीत असल्यास, शासकीय सेवकवर्ग देण्याची तरतूद झाली. भारतात तशा प्रकारचे कार्य जोडीदाराकडे सोपविलेले नाही.

ह्या चर्चेचे महत्त्व राष्ट्रपती भवनापुरते नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर (१९९३ पासून) गावोगाव स्त्रिया सरपंच झाल्या आणि त्याबरोबर ‘सरपंचपती’ हा शब्द जन्मास आला. ‘राष्ट्रपती’तील ‘पती’ म्हणजे स्वामी. ‘सरपंचपती’तील ‘पती’ म्हणजे नवरा. परंतु जेथे नवराच ग्रामपंचायतीचा कारभार पाहतो तेथे दुसरा अर्थ पहिल्यात विरघळतो, आणि शब्द नकळत वस्तुस्थिती सांगून जातो. गौतमाबाईंची खासगी सनदेने दिलेली होती व तिचा हिशेब ठेवला जात असे. सरपंचपतीच्या सत्तेला सनद नाही आणि हिशेबही नाही. ज्या नात्याला भाषा पदाचे नाव देते, त्याच्यामागे अधिकार कोणी दिला आणि जाब कोणाला द्यावयाचा, हे तपासणे म्हणूनच अभ्यासकाचे काम ठरते.