फौजेची टक्केवारी आणि घराचं जोतं

फौजेतून अपंग होऊन आलेल्याला सरकार घर बांधून देतं, गाडीही देतं, हा समज हिंगोली-कळमनुरीच्या गावांतून आधी काढून टाकायला हवा. हे सगळं मिळवून देणारा एकच अर्ज कुठेच नाही. पेन्शन लष्कराकडून येते, गाडीची नोंद आरटीओत होते आणि घराचं काम ग्रामपंचायतीच्या दारात जातं.

सगळ्यात जास्त हेलपाटे घडतात ते अपंगत्वाच्या टक्केवारीपायी. ‘लष्कराच्या मेडिकल बोर्डाने लिहून दिलंय, आता दुसरा कागद कशाला?’ बोर्डाचा आकडा पेन्शनपुरता असतो. दिव्यांगांच्या इतर सवलतींसाठी सरकारी रुग्णालयातून तपासणी करून घेऊन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढावं लागतं आणि बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. जखम लढाईतलीच हवी, असंही नाही. सेवेमुळे जडलेलं किंवा बळावलेलं दुखणंही पेन्शनसाठी धरलं जातं. निवृत्तीनंतर 50 टक्के किंवा जास्त अपंगत्व आलं, तर बदल केलेल्या स्कूटरसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे. तो अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो.

स्कूटरला बाजूची चाकं लावली की गाडी बेकायदा होते, ही भीतीही खोटी. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा बदलाला मुभा दिली. बदल करून मग आरटीओची मान्यता घ्यायची आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. ही नोंद मात्र टाळू नका.

आता घर. दाराशी सिमेंट ओतलं की रॅम्प झाला, असं गवंडीही मानतो. एक फूट उंच जोत्याला बारा फूट लांब उतार लागतो. तोच तीन फुटांत उरकला तर चाकांची खुर्ची मागे घसरते आणि मागून ढकलणाऱ्या बायकोच्या मनगटावर सगळं वजन येतं. अंगण अपुरं असेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवा. दार 90 सेंटिमीटर मोकळं हवं, संडासाचंसुद्धा. तिथेच बहुतेक घरं अडतात.

या कामाच्या पैशासाठी ग्रामपंचायतीकडे जा. स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के तिने दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. घरपट्टीची माफीही फक्त शौर्यपदकवाल्यांना नाही. 2020 पासून राज्यातल्या सगळ्या माजी सैनिकांना एका घरापुरती ती मिळते, पण मागितल्यावर. दोन्ही अर्ज लेखी द्या आणि ग्रामपंचायतीकडून पोच घेऊनच उठा.